फोकलेलं बी आणि पाभरीचं बी: रेडिओ-टीव्ही शिकवायला कसे लागले

इगतपुरी-त्र्यंबककडे भाताची रोपं करायची तर राब भाजून त्यावर बी मुठीने फोकतात. मूठ फिरते, बी पडेल तिथे पडतं. तेच निफाडच्या काळ्या रानात गहू पेरायचा असेल तर पाभर लागते. सरळ ओळ, ठरावीक अंतर, प्रत्येक दाणा हव्या त्या खोलीवर. रेडिओच्या प्रसारणाला इंग्रजीत ‘ब्रॉडकास्ट’ म्हणतात. तो शब्द मुळात शेतातला आहे आणि त्याचा अर्थ पहिल्या पद्धतीचा, म्हणजे फोकण्याचा.

रेडिओवरून शिकवायचं म्हटलं की पहिली अडचण या शब्दातच दिसते. वर्गात शिक्षक मुलांच्या चेहऱ्याकडे बघतो. भागाकार डोक्यावरून गेला हे त्याला कपाळावरच्या आठ्यांवरून कळतं, मग तो फळा पुसून पुन्हा मांडतो. स्टुडिओत बसलेल्या माणसापुढे फक्त मायक्रोफोन असतो. आपलं बोलणं कुणाच्या कानावर पडलं, कुणाला समजलं, कुणी मध्येच उठून गुरांना पाणी पाजायला गेलं, यातलं काहीच त्याला दिसत नाही. सगळ्यांसाठी फोकलेल्या आवाजातून एका माणसाला नेमकं शिकवायचं कसं? शैक्षणिक प्रसारणाचा पहिला अर्धशतकाचा इतिहास या प्रश्नाभोवती फिरतो. त्याचं एक फार मोलाचं उत्तर १९५६ साली शोधलं गेलं आणि त्यात आपल्या नाशिक जिल्ह्यातली गावंही होती. ही गोष्ट नाशिकमध्येही फारशा कुणाला ठाऊक नसते, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

सुरुवात मात्र लांबून, अमेरिकेतून करावी लागेल. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात ‘नाइन एक्स एम’ नावाचं प्रायोगिक केंद्र होतं. अर्ल टेरी हे तिथले प्राध्यापक. पहिल्या महायुद्धाच्या काळातच त्यांनी तारेच्या ठोक्यांऐवजी माणसाचा आवाज हवेतून पाठवून पाहिला. लोकांनी सगळ्यात आधी काय ऐकलं असेल? हवामानाचा अंदाज आणि बाजारभाव. लासलगावला आज कांद्याचा काय भाव फुटला हे शेतकरी मोबाइलवर पाहतो, तीच गरज तिकडच्या शेतकऱ्याची होती. पुढे १९२२ मध्ये हे केंद्र ‘डब्ल्यू एच ए’ झालं आणि १९३१ पासून त्यावर शाळेतल्या मुलांसाठी नियमित पाठ सुरू झाले. त्यातला संगीताचा वर्ग मला सर्वांत आवडतो. एक शिक्षक रेडिओवरून गाणी शिकवायचे, गावोगावच्या शाळांतली मुलं आपापल्या वर्गात बसून शिकायची आणि मग मॅडिसन शहरात हजारो मुलं जमून तीच गाणी एका सुरात म्हणायची. एकमेकांना कधी न पाहिलेली मुलं एकाच तालात गाऊ शकत होती.

पण अमेरिकेतल्या बहुतेक शैक्षणिक केंद्रांचं असं भलं झालं नाही. १९२१ ते १९३६ या काळात शिक्षणसंस्थांना २०२ परवाने मिळाले होते. १९३७ च्या सुरुवातीला त्यांपैकी फक्त ३८ केंद्रं उरली. एवढी पडझड का झाली, हे समजण्यासाठी रेडिओ लहरींबद्दल एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते.

प्रत्येक केंद्र एका ठरावीक कंपनसंख्येवर बोलतं. आकाशवाणीचं पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर लागतं, म्हणजे त्याची लहर सेकंदाला ७ लाख ९२ हजार वेळा वर-खाली होते. त्याच भागात दुसरं कुणी त्याच आकड्यावर बोलायला लागलं तर दोघांचंही ऐकू येणार नाही. म्हणजे हवा फुकट असली तरी तिच्यातल्या जागा मोजक्या. आठवडी बाजारात बसायच्या जागा ठरलेल्या असतात, तसंच. अमेरिकेत या जागा वाटणाऱ्या सरकारी मंडळाने चांगल्या जागा आणि संध्याकाळच्या वेळा जाहिरातींवर चालणाऱ्या बड्या केंद्रांना दिल्या. कॉलेजांच्या वाट्याला दिवसाचे थोडेसे तास किंवा सतत बदलणारी जागा आली. त्यात जागतिक मंदी, पैशाची चणचण. एकेकाने परवाना विकला किंवा सोडून दिला. एकूण जागांपैकी २५ टक्के ना-नफा संस्थांसाठी राखून ठेवाव्यात अशी दुरुस्ती १९३४ साली तिथल्या सेनेटमध्ये आली, ती फेटाळली गेली.

या पराभवातून तिथले शिक्षक जे शिकले ते पुढे टीव्हीच्या वेळी कामी आलं. टीव्हीच्या वाहिन्यांचं वाटप होण्याआधीच राखीव जागांची मागणी लावून धरली गेली. वाटप करणाऱ्या आयोगात फ्रीडा हेनॉक या पहिल्या महिला सदस्य होत्या. त्यांनी हा आग्रह शेवटपर्यंत सोडला नाही. १९५२ मध्ये २४२ वाहिन्या शिक्षणासाठी राखून ठेवल्या गेल्या आणि मे १९५३ मध्ये ह्यूस्टन शहरात पहिलं राखीव शैक्षणिक टीव्ही केंद्र सुरू झालं. जागा आधी राखली नाही तर नंतर मागून मिळत नाही, हे आपल्याकडे गावठाणाचं आणि शाळेच्या मैदानाचं ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

ब्रिटनमध्ये जागेचं भांडण नव्हतं, कारण बीबीसी एकटीच होती. तिने एप्रिल १९२४ मध्ये शाळांसाठी प्रसारण सुरू केलं, पहिला विषय पुन्हा संगीतच. तिथे वेगळी अडचण समोर आली. मोठमोठ्या विद्वानांना मायक्रोफोनसमोर बसवलं, त्यांनी उत्तम भाषणं केली आणि मुलं कंटाळली. १९२७ च्या सुमारास केंट परगण्यातल्या शाळांमध्ये यावर रीतसर पाहणी झाली. पाठ नुसता ऐकवून भागत नाही. ऐकण्याआधी वर्गातल्या शिक्षकाने मुलांना तयार करायला हवं, ऐकताना मुलांच्या हातात चित्रांची पुस्तिका हवी आणि ऐकून झाल्यावर त्यावर बोलणं व्हायला हवं. म्हणून बीबीसीने शाळांना छापील पुस्तिका पाठवण्याचं काम मोठ्या प्रमाणावर उभं केलं. रेडिओने शिकवायचं म्हणून छापखाना चालवावा लागला!

माझ्या स्वतःच्या तालुक्यातल्या शाळेत याच्या नेमकं उलट पाहिलेलं आहे. मुख्याध्यापकांच्या खोलीत, कपाटावर, भरतकाम केलेल्या रुमालाखाली एक रेडिओ होता. आकाशवाणीवर दुपारी शालेय कार्यक्रम लागायचा. आमचा तो तास गणिताचा आणि कार्यक्रम असायचा भूगोलाचा. वेळापत्रक जुळवायचं कुणाच्या मनात आलं नाही. कधी वर्गात आणलाच तर मागच्या बाकांपर्यंत आवाज पोचायचा नाही आणि संपल्यावर सर म्हणायचे, “चला, वह्या काढा.” कार्यक्रम वाईट नव्हता. सह्याद्रीच्या घाटांवरचा एक भाग मला आजही आठवतो, कारण त्यात कसारा घाटाचं नाव आलं होतं. पण त्या नावावर वर्गात दोन मिनिटंसुद्धा कुणी बोललं नाही आणि आमच्यातल्या निम्म्या मुलांनी तो घाट एसटीतून पाहिलेला होता. मुलांच्या अनुभवात ओल होती, वरून बी पडत होतं आणि ते मातीत दाबायला कुणी नव्हतं.

आता आपल्या गावांकडे येतो.

भारतात आकाशवाणीचं खेड्यांसाठीचं प्रसारण स्वातंत्र्याआधीपासून होतं. गावच्या चावडीवर किंवा शाळेत सार्वजनिक रेडिओ संच ठेवायचा आणि संध्याकाळी सगळ्यांनी ऐकायचं. बहुतेक गावांत वीज नव्हती, संच बॅटरीवर चालायचे. लोक ऐकायचेही. पण ऐकून काय होतं, हे कुणी मोजलेलं नव्हतं. १९५० च्या दशकात जगदीशचंद्र माथुर आकाशवाणीचे महासंचालक झाले. सनदी अधिकारी, शिवाय हिंदीतले नावाजलेले नाटककार. त्यांच्या काळात युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग ठरला. त्याची कल्पना कॅनडातून घेतली होती. तिथे १९४१ पासून शेतकऱ्यांचे गट घरोघरी जमून रेडिओ ऐकत, चर्चा करत आणि आपलं मत लिहून परत केंद्राला पाठवत.

प्रयोगासाठी पुणे केंद्र निवडलं गेलं. हे केंद्र नुकतंच, २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालेलं होतं. तेव्हाच्या मुंबई राज्यातले पाच मराठी जिल्हे घेतले: पुणे, अहमदनगर, उत्तर सातारा, कोल्हापूर आणि नाशिक. एकूण दीडशे गावं. प्रत्येक गावात सुमारे वीस जणांचं श्रोता मंडळ, त्याचा एक अध्यक्ष आणि एक निमंत्रक. फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ अशा दहा आठवड्यांत, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचे वीस कार्यक्रम झाले.

पुण्याचं केंद्र नाशिकच्या गावात ऐकू कसं यायचं? दोन्ही शहरांत सव्वादोनशे किलोमीटरच्या आतबाहेर अंतर आहे, मधे डोंगर आहेत. याचं उत्तर मध्यम लहरींच्या स्वभावात आहे. या लहरी शेकडो मीटर लांबीच्या असतात आणि जमिनीला धरून, तिच्या गोलाईबरोबर वाकत पुढे सरकतात. लहानसहान टेकड्या त्यांना अडवत नाहीत. रात्री तर त्या वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून आणखी लांब जातात, म्हणून अंधार पडला की लांबची केंद्रं खरखरत का होईना, लागतात. गरीब देशात दूरवर पोचायला याहून स्वस्त साधन नव्हतं.

पण या प्रयोगाचा जीव लहरींमध्ये नव्हता, मंडळाच्या बैठकीत होता. अर्धा तास ऐकायचं. संच बंद करायचा. मग ऐकलेल्यावर आपसात बोलायचं: हे आपल्या रानात जमेल का, खर्च किती, मागच्या वर्षी अमक्याने केलं त्याचं काय झालं. निमंत्रक चर्चेचा अहवाल लिहून पुण्याला पाठवणार, त्यात गावाचे प्रश्न असणार आणि पुढच्या कार्यक्रमांत त्यांना उत्तरं मिळणार. मंडळं बांधायला आणि चालती ठेवायला जिल्ह्याजिल्ह्यांत संघटक नेमलेले होते. म्हणजे फोकणीला पाभर जोडली गेली. शिवाय दाणा उगवला की नाही हे सांगणारं पोस्टकार्डही परत येणार होतं.

मोजणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केली. पॉल न्यूरथ हे मूळचे ऑस्ट्रियाचे, अमेरिकेत शिकवणारे समाजशास्त्रज्ञ त्या कामाचे प्रमुख. त्यांची पद्धत साधी आणि पक्की होती. तीन तऱ्हेची गावं घेतली: मंडळ असलेली, रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी आणि रेडिओच नसलेली. कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर त्याच विषयांवर लोकांना प्रश्न विचारले. मधल्या प्रकारची गावं ठेवण्यात खरी हुशारी आहे. ती नसती तर फरक रेडिओमुळे पडला की एकत्र बसण्यामुळे, हे कधीच वेगळं काढता आलं नसतं.

निकाल असा आला. मंडळ असलेल्या गावांत लोकांची माहिती खूपच वाढली, अपेक्षेपलीकडे. मंडळ नसलेल्या गावांत वाढ नगण्य होती आणि यात रेडिओ असलेली गावंही आली. संच तोच, कार्यक्रम तेच, पण एका गावात लोक ऐकून उठून जात होते आणि दुसऱ्या गावात ऐकून बसून राहत होते. शिवाय मंडळं नुसती शिकली नाहीत. काही ठिकाणी ती गावाचे निर्णय घेणारी बैठक बनली. विहिरी खोदल्या गेल्या, चांगल्या जातीचे वळू आणि लेगहॉर्न कोंबड्या आणल्या गेल्या, बालवाड्या निघाल्या.

हे वाचताना मला नेहमी पार आठवतो. आपल्या गावांत एकत्र बसून ऐकणं नवीन कधीच नव्हतं. कीर्तन ऐकायला गाव जमतं, हरिनाम सप्ताहात सात दिवस बसतं आणि परतताना वाटेवर त्याचीच चर्चा चालते. पुण्याच्या प्रयोगाने या जुन्या सवयीला नवा आवाज दिला, असं मला वाटतं. म्हणूनच तो इतक्या लवकर रुजला असावा.

१९५९ पासून हा प्रयोग देशभर नेला गेला आणि मंडळांची संख्या हजारांत गेली. पण दहा आठवड्यांच्या प्रयोगात जेवढं लक्ष प्रत्येक मंडळाला मिळालं होतं, तेवढं हजारोंना देणं जमलं नाही. अहवाल येईनासे झाले, उत्तरं जाईनाशी झाली. तरी रेडिओने शेतीला जे दिलं ते थोडं नव्हे. १९६० च्या दशकात तामिळनाडूच्या तंजावर भागात भाताचं ‘एडीटी २७’ हे वाण रेडिओमुळे इतकं पसरलं की शेतकरी त्याला रेडिओचं भात म्हणायला लागले.

टीव्हीची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तिचे धडे बरेचसे तेच आहेत. भारतात टीव्हीचा जन्मच शिक्षणासाठी झाला. १५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत प्रायोगिक प्रसारण सुरू झालं, तेही युनेस्कोच्या मदतीने, आणि बघणारे होते टेलिक्लब, म्हणजे पुन्हा मंडळंच. १९६१ पासून दिल्लीच्या शाळांत टीव्हीवरून विज्ञानाचे पाठ सुरू झाले. ज्या शाळांत प्रयोगशाळा नव्हती तिथल्या मुलांना रसायनांचा रंग बदलताना पडद्यावर दिसू लागला (काळ्या-पांढऱ्या पडद्यावर दिसेल तेवढा). २६ जानेवारी १९६७ ला ‘कृषी दर्शन’ आलं, तेही दिल्लीभोवतीच्या ८० गावांतल्या सार्वजनिक संचांसाठी.

पण टीव्ही लांब जात नव्हता. त्याच्या लहरी आखूड असतात, त्या टॉर्चच्या झोतासारख्या सरळ जातात. १०० मीटर उंच मनोऱ्यावरून निघालेली लहर सपाट जमिनीवर साधारण ४० किलोमीटरवर क्षितिजाला टेकते. घरावर उंच अँटेना असेल तर आणखी थोडी लांब दिसते, बस. मधे सह्याद्री आला की संपलंच. सुरगाणा, पेठ, कळवणच्या डोंगरातली गावं डोळ्यांपुढे आणा आणि अशा लाखो गावांसाठी किती मनोरे लागतील याचा हिशोब करा.

विक्रम साराभाईंनी यावर सुचवलेलं उत्तर ऐकून लोक चकित झाले असतील: मनोरा थेट आकाशात ठेवायचा. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह पृथ्वीइतक्याच वेगाने फिरतो, त्यामुळे खालून तो एका जागी थांबलेला दिसतो आणि त्याच्या आड कुठलाच डोंगर येत नाही. १९६९ मध्ये अमेरिकेशी करार झाला. ‘एटीएस ६’ हा त्यांचा उपग्रह एक वर्षासाठी मिळाला आणि १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असा ‘साइट’ नावाचा प्रयोग झाला. राजस्थान, बिहार, ओडिशा, मध्य प्रदेश, आंध्र आणि कर्नाटकातली सुमारे २,४०० गावं त्यात होती. महाराष्ट्र त्यात नव्हता. उपग्रहावर उघडणारी ९ मीटरची प्रचंड छत्री होती. ती सगळी ताकद एका दिशेला एकवटत असल्यामुळे गावात तीनेक मीटरची, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची साधी छत्री पुरायची. एका चित्राबरोबर दोन आवाज पाठवायची सोय होती, म्हणजे एकच चित्र दोन भाषांत. सकाळी मुलांचे कार्यक्रम, संध्याकाळी शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन. सुरुवातीला तुडुंब गर्दी झाली, नवलाई ओसरल्यावर ती घटली. मला यातला सर्वांत भरीव भाग वाटतो तो शिक्षकांचा. सुमारे ५०,००० प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचं प्रशिक्षण सुट्टीत मिळालं. त्यात टीव्हीसोबत छापील साहित्य होतं आणि गटात बसून करायच्या कृतीही होत्या. बीबीसीची पुस्तिका आणि पुण्याचं मंडळ, दोन्ही.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. ‘आमची माती, आमची माणसं’ शेतकऱ्यांच्या घरात पोचलं आणि ‘ज्ञानदीप’ या कार्यक्रमाभोवती ठिकठिकाणी ज्ञानदीप मंडळं निघाली. नावातलं ‘मंडळ’ मला फार बोलकं वाटतं. १९८४ मध्ये मुलांसाठी पुण्यात ‘बालचित्रवाणी’ उभी राहिली. त्याच सुमारास देशभर लहान प्रक्षेपकांची रांग लागली, घरोघरी संच आले आणि टीव्ही चावडीवरून दिवाणखान्यात गेला. एकत्र बघणारे पाहुणे-शेजारीही हळूहळू आपापल्या घरी बसू लागले.

नाशिककरांसाठी या साखळीची एक कडी अगदी दारात आहे. ब्रिटनमध्ये १९६३ साली हॅरॉल्ड विल्सन यांनी ‘हवेतलं विद्यापीठ’ ही कल्पना मांडली. त्यातून तिथलं मुक्त विद्यापीठ जन्मलं आणि १९७१ च्या जानेवारीत त्याचे पाठ बीबीसीवर सुरू झाले. आपलं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये नाशिकला स्थापन झालं, पहिले कुलगुरू राम ताकवले. गंगापूर धरणाकडे जाताना त्याचं ज्ञानगंगोत्रीचं आवार लागतं. त्याच्याकडे दृकश्राव्य केंद्र आहे, पण भार टाकला आहे तो वेगळ्याच गोष्टींवर: विद्यार्थ्याशी बोलत जाणारी पुस्तकं आणि तालुक्या-तालुक्यांतली अभ्यासकेंद्रं, जिथे रविवारी संपर्कसत्राला दुकानात काम करणारा मुलगा आणि दोन लेकरांची आई शेजारी बसतात. त्या वर्गात बसलेलं कुणी भेटलं की मी मुद्दाम विचारतो, काय उपयोगी पडलं? बहुतेक वेळा सोबत बसलेल्या माणसांची नावं आधी येतात, विषयांची नंतर.

१९५६ च्या त्या मंडळांत विशी-तिशीत असलेली माणसं आज नव्वदीच्या आसपास किंवा पलीकडे असतील. जिल्ह्यातल्या कुठल्यातरी घरात, माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, दप्तरात गुंडाळलेली एखादी अहवालाची प्रत असू शकते: तारीख, हजर सभासद, ऐकलेला विषय, पुण्याला विचारलेला प्रश्न. तुमच्या आजोबांकडे असा कागद असेल तर तो रद्दीत घालू नका. आणि ते सांगण्याच्या स्थितीत असतील तर आज संध्याकाळीच त्यांच्याजवळ बसून विचारा, संच बंद केल्यावर तुम्ही काय बोलायचात?